दोन चाव्या, एकच खिसा

आपल्याकडे सत्कार कोणाचा होतो? वर्षभरात एकही रजा न घेणाऱ्याचा. पतसंस्था असो, सेवा सोसायटी असो, नाहीतर शाळेचं कार्यालय असो. शाल, श्रीफळ, टाळ्या. अध्यक्ष कौतुकानं सांगतात, "हे एक दिवस नसले तर आमच्या संस्थेचं पान हलत नाही."

तक्रार नेमकी तीच आहे.

रिझर्व्ह बँकेचं २०२१ सालचं परिपत्रक वाचा. नाजूक जागेवर बसलेल्या बँक कर्मचाऱ्याला दरवर्षी एकदा, आगाऊ कल्पना न देता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचं. त्या दिवसांत त्यानं कामाला हात लावायचा नाही, फार तर कार्यालयाचा ई-मेल बघायचा. त्याची तब्येत सुधारावी म्हणून हा नियम केलेला नाही. त्याच्या खुर्चीत दुसरा बसला की टेबलाखालचं दिसायला लागतं, म्हणून केलाय.

आपण ज्याला शाल पांघरतो, त्याला रिझर्व्ह बँक घरी पाठवते. दोघांपैकी एकाला तरी माणसं कळत नाहीत.

सूत्र साधं आहे. मागणारा एक, मंजूर करणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा, वहीत लिहिणारा चौथा. चौघांनी मिळून लबाडी करायची तर वाटे चार पडतात. चार वाटे पडले की एकाला कमी पडतो आणि तो बोलतो. एकट्याचं तसं नसतं. एकट्याला भांडायला कुणी नसतं आणि वाटाही अख्खा मिळतो.

हे कळायला लेखापरीक्षणाची जाडजूड पुस्तकं लागत नाहीत. अल्लीपूरच्या कुठल्याही लग्नात जाऊन बसा. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातलं हे मोठं गाव, स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं. मांडवाच्या तोंडाशी टेबल असतं. एक जण आहेराचं पाकीट घेतो. शेजारचा वहीत नाव आणि रक्कम लिहितो. रात्री तिसराच कुणीतरी, बहुधा मामा, वही आणि पिशवी समोर घेऊन मोजायला बसतो. पाकीट घेणारा सख्खा काका असतो, वही लिहिणारा जावई. तरी कुणी रुसत नाही. "माझ्यावर भरोसा नाही का?" असं जावईसुद्धा म्हणत नाहीत. आणि जावई कशावरूनही रुसू शकतात.

एकशे एक रुपयांच्या पाकिटाला तीन माणसं. गावाच्या लाखोंच्या निधीला किती?

एक.

थांबा, आधीच सांगून टाकतो. अल्लीपूरच्या ग्रामपंचायतीवर हा आरोप नाही. शेजारच्या गावावरही नाही. आरोप कुणाच्याच नावानं नाही, म्हणून तर तो वाचताना प्रत्येकाला आपल्या गावातला एक चेहरा आठवेल.

कायद्यात सगळं चोख आहे. ग्रामनिधीतून पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांच्या सह्या लागतात. (ग्रामसेवक आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालेत. काम तेच, पाटी लांब.) एक लोकांनी निवडलेला, दुसरा सरकारनं नेमलेला. एकाला पाच वर्षांनी मतं मागायची असतात, दुसऱ्याला निवृत्तिवेतन टिकवायचं असतं. दोघांची भीती वेगळी असावी, हाच त्या दोन सह्यांमागचा शहाणपणा.

मग चेकबुकाचं युग आलं. सरपंच चार दिवस बाहेरगावी निघाले, काम अडायला नको, म्हणून कोऱ्या चेकवर सह्या करून गेले. दहाच्या दहा. दुसरी सही झाली होती. दुसरा माणूस मात्र एस्टीत बसून निघून गेला होता.

सरकारला हे कळलं. सरकारला कळतं, थोडं उशिरा कळतं. २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज पोर्टल आलं. पैसे थेट ऑनलाइन, पीएफएमएस या सरकारी यंत्रणेतून. एकानं देयक भरायचं, दुसऱ्यानं तपासून सोडायचं. बँकवाले याला मेकर-चेकर म्हणतात. दोघांची डिजिटल सही वेगळी, ती ज्यात असते तो डोंगल वेगळा, पिन वेगळा. आता कोऱ्या चेकची भानगडच नाही.

आता दोन्ही डोंगल संगणकवाल्या पोराच्या ड्रॉवरमध्ये असतात. पिन मागे चिकटपट्टीवर लिहिलेला.

"काऊन गा, दोन्ही तुह्यापाशीच?"

"हाव ना भाऊ. सायबाले तीन गावं, सरपंचबाईले घरचं काम. मी नाही केलं तं गावाचं काम अडते."

पोरगं खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे. त्याच्याइतका उपयोगी माणूस गावात दुसरा नाही. दाखले तोच काढतो, अर्ज तोच भरतो, सर्व्हर बंद असला की शिव्याही तोच खातो. त्याचं मानधन वेळेवर होत नाही. आणि ज्याचं मानधन वेळेवर होत नाही, त्याच्या ड्रॉवरमध्ये आपण गावाची तिजोरी ठेवून घरी जातो. याला भरोसा म्हणतात का? मला तर ही परीक्षा वाटते, आणि ती त्या पोराची आहे.

सरपंचबाईंच्या घरकामाचंही बघू. पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव, हे आता महाराष्ट्रात जुनं झालं. बाई निवडून येतात. डिजिटल सही बाईंच्या नावाची निघते. ओटीपी मात्र नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. राखीव जागेवर निवडून आली बाई, राखून ठेवलाय मोबाइल नंबर.

मग तपासणारा नक्की कोण? बाई म्हणतात, साहेब बघतात. साहेब म्हणतात, ऑपरेटर बघतो. ऑपरेटर म्हणतो, सिस्टिम बघते.

सिस्टिम डोंगल बघते. खिसा बघत नाही.

हे झालं जाणाऱ्या पैशाचं. येणाऱ्या पैशाकडे या. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नमुने ३३. नमुना ८ मध्ये घरावरची कर आकारणी. नमुना ९ मध्ये मागणी. नमुना १० म्हणजे करवसुलीची पावती. नमुना ५ म्हणजे रोकड वही. ज्यानं हे बसवलं तो माणूस बिलंदर नव्हता, बिलंदरांना ओळखणारा होता. आकारणी आणि मागणी जुळली पाहिजे, मागणी आणि पावती जुळली पाहिजे, पावती आणि रोकड जुळली पाहिजे. चार कागद एकमेकांवर पहारा देतात.

नमुने ३३. अक्षर एकच.

चारही कागद एकाच हातानं लिहिले तर जुळणारच. हजाराची पावती फाडली, स्थळप्रतीवर शंभर लिहिले, रोकड वहीत शंभर चढवले, बँकेत शंभर भरले. लेखापरीक्षक येतात आणि स्थळप्रत रोकड वहीशी ताडून बघतात. सगळं जुळतं. शेरा मिळतो, "अभिलेख अद्ययावत." हजारवाली पावती घरमालकाच्या ट्रंकेत असते आणि ट्रंक तपासायला कुणी येत नाही.

"मग लेखापरीक्षण कशाला आहे?" असं विचारणारे भाबडे अजून आहेत म्हणून तर चाललंय. लेखापरीक्षण पैसे गेल्यानंतर येतं. कधीकधी तर माणूस गेल्यानंतर.

आणि लेखापरीक्षकांनी सांगितलं तरी ऐकायचं कुणी? लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ सालची, इंग्लंडच्या राणीची बँक म्हणून मिरवणारी. सिंगापूरला निक लीसन नावाचा तिशीच्या आतला पोरगा सौदेही करायचा आणि त्या सौद्यांचा हिशेबही तोच ठेवायचा. १९९४ मध्ये बँकेच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी लिहून दिलं होतं की ही दोन कामं एकाच माणसाकडे नकोत. वरच्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. पोरगा फायदा दाखवत होता ना! तोटा त्यानं ८८८८८ नंबरच्या खात्यात लपवला होता. १९९५ च्या फेब्रुवारीत बाहेर आला, ८२ कोटी पौंडांच्या वर. बँक विकली गेली.

एका पौंडाला.

इंग्रजांचं जाऊ द्या. आपल्या घरात या. वर्ध्याच्या माणसाला 'होम ट्रेड' हे नाव सांगावं लागत नाही. नव्या पिढीसाठी सांगतो. दोन हजार सालच्या सुमाराला टीव्हीवर सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन एकाच कंपनीची जाहिरात करत होते. कंपनी नेमकं काय करते, ते जाहिरात बघून कळत नव्हतं. कळलं ते २००२ मध्ये. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेनं सरकारी रोखे घेण्यासाठी अशा खासगी दलाल कंपन्यांकडे पैसे दिले होते. होम ट्रेडचं नाव त्यात सगळ्यांत मोठं. रक्कम दीडशे कोटींच्या आसपास. पैसे गेले. रोखे आलेच नाहीत.

वर्धा जिल्हा बँकही त्या यादीत होती. उस्मानाबादही.

आता विचार करा. सरकारी रोख्यात फसवणूक व्हायची कशी? जगातली सगळ्यांत सुरक्षित गुंतवणूक ती. रोखे बुडत नाहीत, सरकार बुडत नाही. पण बाजारात शेतकऱ्याची बाईसुद्धा एका हातानं भाजी घेते आणि दुसऱ्या हातानं पैसे देते. तेवढं इथे झालं नाही. सौदा ठरवणारे, पैसे सोडणारे आणि 'कागद आला का?' हे बघणारे खरोखर वेगळे असते, तर तिसऱ्यानं पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, "साहेब, रोखे कुठे आहेत?"

तिसरा असेलही. पण तो अध्यक्षांना विचारणार कसा? त्याची बढती कुणाच्या हातात?

नागपूर बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार आणि इतर पाच जणांना नागपूरच्या न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली. केदारांची आमदारकी गेली. अपील झालं आहे, ते वर चालेल. तारीख मात्र लक्षात ठेवा: डिसेंबर २०२३. गुन्हा २००२ चा. एकवीस वर्षं. 'कागद आला का?' हा प्रश्न बँकेत विचारायला एक मिनिट लागलं असतं.

दरम्यान नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीनही जिल्हा बँका सरकारी मदतीची वाट बघत बसल्या. ज्या शेतकऱ्यानं कापूस विकून चार पैसे ठेवले, तो स्वतःच्याच पैशासाठी खेटे घालत राहिला. त्याच्याकडून मात्र पैसे काढायच्या स्लिपवर दोन सह्या घेतल्या जात होत्या. एक समोर, एक मागे. सही जुळत नाही म्हणून तो परतही जात होता.

नियम असतात हो. खालून वर जाताना ते पातळ होत जातात.

नंतर आपण सुधारलो असं कुणाला वाटत असेल तर पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेत जाऊन या. नीरव मोदीच्या कंपन्यांना हमीपत्रं जात होती स्विफ्ट यंत्रणेतून, आणि बँकेचा मुख्य हिशेब होता दुसऱ्याच यंत्रणेत. दोन्ही जोडलेल्या नव्हत्या. एका उपव्यवस्थापकाला त्याच शाखेत, त्याच कामावर सात वर्षं ठेवलं होतं. २०१७ च्या मे महिन्यात तो निवृत्त झाला. पुढे त्या कंपन्यांची माणसं नेहमीसारखं हमीपत्र मागायला आली, तर नव्या माणसानं विचारलं, "तारण काय?" झालं. तेरा हजार कोटींचा घोटाळा बाहेर पडायला सीबीआय लागली नाही. एक निवृत्ती लागली.

म्हणून ती रजा, मघाशी सांगितलेली.

फेब्रुवारी २०२५. मुंबईची न्यू इंडिया सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेची माणसं आली आणि त्यांनी एक अत्यंत जुनाट गोष्ट केली. तिजोरी उघडून नोटा मोजल्या. १२२ कोटी कमी. हिशेब विभागाचा प्रमुख जो महाव्यवस्थापक, त्याच्याच ताब्यात रोकडही होती, असा पोलिसांचा आरोप. वही आणि किल्ली एकाकडे. खटला चालेल, निकाल लागेल. पण तपासात म्हणे असंही निघालं की त्या तिजोरीत तेवढ्या नोटा मावल्याच नसत्या. कागदावर मावत होत्या. कागदावर काहीही मावतं.

माझा आवडता किस्सा मात्र छत्रपती संभाजीनगरचा. विभागीय क्रीडा संकुल, डिसेंबर २०२४. खात्यातून पैसे काढायला क्रीडा उपसंचालकांची सही हवी. कडेकोट. तक्रार अशी की तेरा हजार पगाराच्या कंत्राटी कर्मचाऱ्यानं सहीच्या वाटेला जायचीच तसदी घेतली नाही. संकुलाच्याच लेटरहेडवर बँकेला पत्र गेलं, खात्याचा ई-मेल बदला. बँकेनं बदलला. मग नेट बँकिंग सुरू झालं. मग २१ कोटी ५९ लाख रुपये गेले. मग बीएमडब्ल्यू आली, विमानतळाजवळ फ्लॅट आला.

साहेबांची सही शेवटपर्यंत सुरक्षित राहिली.

सहा महिने चाललं हे. सहा महिन्यांत बँकेचं एक विवरणपत्र कुणी वेगळ्या माणसानं उघडून बघू नये? विवरणपत्रं यायची तीही नव्या ई-मेलवरच, म्हणजे ज्यानं घेतले त्याच्याकडेच. आणि तेरा हजारांत बीएमडब्ल्यू कशी येते, हा प्रश्न पार्किंगमध्ये कुणालाच पडला नाही? पडला असेल. पण आपल्याकडे दुसऱ्याच्या गाडीकडे बघून हिशेब मांडत नाहीत, सेल्फी काढतात.

आता ते नेहमीचं वाक्य येईल. "अहो, एवढा संशय घेतला तर काम कसं व्हायचं? माणसावर भरोसा ठेवावा लागतो."

ठेवा ना. पण भरोशाचं हे प्रवचन देतो कोण, तेवढं बघा. दुसरी चावी मागितली की ज्याला अपमान वाटतो, तो. ज्याला वाटत नाही तो म्हणतो, "घ्या बापा, माझ्या डोक्याचा ताप गेला."

भरोसा नसल्याचा अपमान वाटायचाच असता तर कस्तुरबांना वाटायला हवा होता. १९२९ साली गांधीजींनी 'नवजीवन'मध्ये जाहीर लेख लिहिला. का? कुणीतरी भेट दिलेले चार रुपये बांनी आश्रमाच्या कार्यालयात जमा न करता स्वतःकडे ठेवले म्हणून. चार रुपये, स्वतःची बायको, आणि सगळा देश वाचणार. जरा जास्तच झालं, हे माझंही मत आहे. बांची बाजू कुणी छापली नाही. पण हा माणूस पुढे याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला येऊन राहिला. त्याचे फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयात आहेत. फोटोखालच्या टेबलाला ड्रॉवर आहे. ड्रॉवरमध्ये दोन डोंगल आहेत.

की गांधी नको, शिवाजी महाराज हवेत? चालेल. किल्ल्यावर हवालदार वेगळा, सबनीस वेगळा, कारखानीस वेगळा. किल्ल्याच्या किल्ल्या एकाकडे, हजेरी-हिशेब दुसऱ्याकडे, दाणागोटा आणि सामानसुमान तिसऱ्याकडे. जातीही मुद्दाम निराळ्या, म्हणजे पंगतीला एकत्र बसून कट शिजायला नको. एकटा हवालदार फितूर झाला तरी किल्ला जात नाही. महाराजांचा आपल्या माणसांवर भरोसा नव्हता, असं म्हणायची हिंमत आहे कुणाची?

पुतळा प्रत्येक चौकात आहे. सबनीस कुठेच नाही.

लांब कशाला, हिंगणघाटच्या बाजारात चला. अल्लीपूरचा शेतकरी माल घेऊन तिथेच जातो. बाजार समितीच्या कायद्यात माल विकणारा वेगळा, घेणारा व्यापारी वेगळा, आडत्या वेगळा, आणि मापारी म्हणून आणखी एक, ज्याला समितीचा वेगळा परवाना. घेणाऱ्यानंच वजन करायचं नाही, एवढं साधं तत्त्व. १९६३ चा कायदा आहे. असे कायदे येण्याआधी व्यापाऱ्याचा काटा आणि व्यापाऱ्याचाच हात होता, तेव्हा क्विंटलमागे किती किलो हवेत उडायचे ते आजोबांना विचारा. माप वेगळ्या हातात गेलं तेव्हा व्यापारी म्हणालेच असतील, "आमच्यावर भरोसा नाही का?"

नव्हता. म्हणूनच कायदा झाला.

तोच शेतकरी काट्यापाशी कंबरेवर हात ठेवून आकडा स्थिर होईपर्यंत उभा राहतो. ग्रामसभेच्या दिवशी मात्र त्याला फवारणी आठवते.

आता थोडं त्या ड्रॉवरवाल्या पोराच्या बाजूनंही बोलू. कामं वाटायची तर माणसं लागतात. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कारभार, लिपिक असलाच तर एक, बाकी सगळं मानधनावर. चार कामांना चार हात हवेत असं परिपत्रक काढणारेच चारपैकी तीन पदं रिक्त ठेवतात. भरती करायची तर वित्त विभागाची मंजुरी लागते, लेखाशीर्ष लागतं, आकृतिबंध लागतो. अफरातफरीला यातलं काहीच लागत नाही.

एका लिपिकाचा पगार वाचवला म्हणून टाळी. त्याच खुर्चीतून लाखो गेले की चौकशी समिती. समितीच्या भत्त्याला मात्र लेखाशीर्ष असतं.

पण माणूस कमी आहे म्हणून सगळंच सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही. दोनच माणसं असतील तर दोघांत तरी वाटा. पावती फाडणारा आणि बँकेत भरणारा वेगळा, एवढं एक करायला नवं पद लागत नाही. सरपंचबाईंच्या डोंगलचा पिन बाईंनाच ठाऊक असायला अनुदान लागत नाही. बँकेचा एसएमएस नवऱ्याऐवजी बाईंच्या मोबाइलवर यायला फार तर एक अर्ज लागतो. वसुलीची यादी भिंतीवर लावायला डिंक लागतो. यादी लागली की ट्रंकेतली हजाराची पावती आपणहून बाहेर येते, कारण आपल्या नावापुढे 'थकीत' लिहिलेलं गावात कुणालाच सहन होत नाही.

हे एवढं स्वस्त आहे म्हणूनच कुणी करत नाही. टेंडर निघत नाही ना यात!

उलट ॲप निघतं. रोजगार हमीवर खोटी हजेरी लागते म्हणून ॲप आलं, कामावरच्या मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा. छान. मग फोटोचे फोटो काढून चढवले गेले. २०२५ मध्ये केंद्र सरकारनंच पत्र काढून हे सगळं लिहिलं. खोटी हजेरी लिहिणारा आणि खोटा फोटो चढवणारा माणूस एकच. फक्त आधी पेन होतं, आता मोबाइल आहे. वर त्या पत्रात फोटो माणसांनी तपासावेत असंही म्हटलंय. ज्या माणसांना वगळायला ॲप आणलं, त्याच माणसांना ॲप तपासायला बोलावलं.

शेवटी राहिली ग्रामसभा. सगळ्यांच्या वरची तपासणी. वर्षातून निदान चार. गणपूर्ती म्हणजे मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातलं जे कमी असेल ते. अल्लीपूरसारख्या गावात शंभर माणसं जमणं काही कठीण नाही. क्रिकेटच्या फायनलला त्याहून जास्त असतात. पण ग्रामसभेला जमत नाहीत. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, हा नियमांतलाच लोभस बारकावा. शंभर माणसांसमोर जे मंजूर होणं अवघड, ते दुसऱ्या खेपेला सात जणांसमोर मंजूर होतं. त्या सातांत पाच जण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेले असतात.

तरी समजा, येत्या सभेत एखादा आगाऊ माणूस उठला आणि म्हणाला, "माझा एकच प्रश्न आहे. दुसरा डोंगल कोणापाशी असते?"

आधी शांतता. मग कुणीतरी हसेल. मग सांगण्यात येईल की हा विषय पत्रिकेवर नाही, अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत घेऊ. ऐनवेळचे विषय येईपर्यंत जेवणाची वेळ होईल. प्रश्न विचारला गेला होता की नाही, ते पुढच्या सभेत प्रोसिडिंग वाचलं की कळेल.

प्रोसिडिंग तोच पोरगा लिहितो.